पाच वाजून अकरा

बुरेलाच्या लिलावघरात भाव वरून खाली उतरतो.
सहा युरो, पाच नव्वद, पाच ऐंशी,
जो आधी बटण दाबेल, कुपा त्याचा.
लुगोतले, माद्रिदमधले व्यापारी
आपापल्या स्वयंपाकघरात, तोंडही न धुतलेले,
आमच्या कॅमेऱ्यातून बर्फावरचा मासा निरखतात.

त्या पहाटे चित्र थिजलं.
पडद्यावर एक क्रेट, एक हात, हातात चिठ्ठी,
आणि माशाचा डोळा, जो तसाही मिटत नाही.
भाव पाच चाळीस. घड्याळ पाच अकरा.
प्रोग्राम मेला नव्हता. चूकही दाखवत नव्हता.
नुसता उभा होता.

उशियाने डीबगर लावला तेव्हा आतलं दिसलं:
चित्राचा धागा चौकटीला कुलूप घालून
भावाच्या रांगेची किल्ली मागत उभा,
आणि रांगेची किल्ली ज्याच्या कनवटीला
तो भावाचा धागा चौकटीच्या दाराशी.
दोघेही सभ्य. दोघांचंही बरोबर.
"आधी तू" म्हणायचीही सोय नाही,
म्हणायला जागं असावं लागतं,
आणि कुलपाशी थांबलेल्याला यंत्र झोपवून ठेवतं,
मुठीतली किल्ली न सोडवता.

एलादिओने तीस वर्षं तोंडी लिलाव पुकारलाय.
तो मागे येऊन उभा राहिला, म्हणाला,
माझा घसा बसायचा,
पण असा नाही.

दुपारी मी कुलपं बदलली.
आता दाराशी कुणी ताटकळायचं नाही.
नाव सांगायचं, निरोप ठेवायचा, निघायचं;
आवाज पुढे ढकलायचा, शिळी चौकट टाकून द्यायची,
दार मोकळं झालं की हाक येईल.

अकरा दिवस बरे गेले.
बाराव्या दिवशी हाक आली,
मागणारा धावत परतला,
तर मधल्या मधे क्रेट बदललेला.
त्याच्या ओठांवर भाव माकुलाचा, समोर कुपा.
मोंफोर्तेचा व्यापारी फोनवर जे बोलला
ते मी नोंदवहीत लिहिलेलं नाही.
आणखी एक हाक गेली अशा गिऱ्हाइकाला
जो जोडणी तोडून केव्हाच झोपला होता:
किल्ली त्याच्या नावावर,
मागे सतरा जण.

कॉफी ओतताना उशिया म्हणाली,
माझ्या दोन आत्या होत्या.
बोटीला उशीर झाला की कार्मिन्या धक्क्यावर जायची,
शालीत हात, कुणाशी बोलणं नाही,
घरी चुलीवरचं करपून कोळसा.
रेमेदिओस कारखान्यात मासे कापत राहायची,
कान तेवढा भोंग्याकडे.
गाव म्हणे, जीव अडकलाय तो धाकटीचा, कार्मिन्याचा.

आणि मोठीचा?

बोटीची वाट बघत
तिने दोनदा बोट कापून घेतलं.
एकदा भोंगा ऐकून पळाली, हात तसाच रक्ताळलेला,
तर बोट दुसऱ्याच कुणाची.

मी काही बोललो नाही. आम्ही परत कोड उघडला.
भावाला पुन्हा जुनंच कुलूप दिलं, दाराशी थांबायचं,
पण घर एवढंसं केलं की आत गेला, आकडा मांडला, बाहेर;
आतून दुसऱ्या कुणाचं दार वाजवायचं नाही.
चित्राला निरोपाचं कुलूप राहू दिलं.
परतल्यावर त्याने पहिलं विचारायचं:
क्रेट तोच आहे ना?
नसेल तर मुकाट्याने मागे फिरायचं.
झोपलेल्यांची नावं दर दोन सेकंदांनी खोडायची.

उशियाने वर एक ओळ लिहून ठेवली,
पुढे कुणी हे उघडेल त्याच्यासाठी:
इथे थांबलात तर रिकाम्या हातांनी थांबा.
मला ती खोडावीशी वाटली. खोडली नाही.

आज एलादिओ पुन्हा मागे उभा होता,
रबरी बुटांतून पाणी ठिबकत.
पाच अकरा. क्रेट दोनशे बारा.
पाच चाळीस.
डोळा, हात, चिठ्ठी.
आम्ही तिघांनी श्वास धरला, एकाच वेळी,
एकमेकांना न विचारता.

पाच तीस.
माद्रिदमध्ये कुणीतरी बटण दाबलं.